पलीकडच्या खोलीतला फोन

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही चहा टाकून उठाल. बाहत्तर साल असेल. नगरच्या एका शाळेनं मुलांसाठी विज्ञानाचं संग्रहालय उघडलं होतं. सगळ्या वस्तूंना हात लावायची मुभा. श्रीरामपूरहून आम्ही चौघं एसटीनं गेलो. तिथं दोन फोन होते, एक या खोलीत, एक पलीकडच्या. मुलांनी एकमेकांशी बोलायचं. थोरला बाळू पलीकडे पळाला आणि पाच वर्षांच्या छबीनं इकडचा फोन कानाला लावला.

"हो, जेवले," ती म्हणाली. "श्रीरामपूरला. स्टेशनाजवळ."

मला वाटलं, भावाशी खेळतेय. थोड्या वेळानं म्हटलं, "पुरे आता, गाडी चुकेल."

"जाते मी," ती फोनमध्ये म्हणाली. मग जरा थांबून, "बरं. येते."

बायको हसली. "घरी सांगून दमले मी. आज कशी सुधारलीस गं?"

"आजी रागावल्या. जाते म्हणू नये, येते म्हणावं."

"कोण आजी? तिकडं बाळू आहे."

बाळू आमच्या मागंच उभा होता. "तिकडं कुलूप आहे," तो म्हणाला.

"व्हय," दारातला शिपाई म्हणाला. "तिकडचा फोन दुरुस्तीला नेलाय. नुसती वायर लोंबतीय."

पोरीच्या मनाचे खेळ, असं मी एसटीत दोनदा बोललो. राहुरी आली तशी बायकोनं छबीला मांडीवर ओढलं. मग हळूच म्हणाली, "अहो, पण ही त्यांना येते म्हणून सांगून आलीय."