स्टार्टरच्या पेटीची किल्ली

जबाब, दिनांक ५ मे २०१६

मी सिद्धेश्वर मडिवाळप्पा कोरे, वय ३१ वर्षे, धंदा मोटार रिवाइंडिंग व मोबाईल दुरुस्ती, राहणार कारलवाडी, तालुका उदगीर, जिल्हा लातूर. ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगतो की, मला कोणी बोलावलेलं नाही. मी आपल्या पायानं आलो आहे.

मयत पंढरी सटवाजी वाघमारे, वय ३१, हा ग्रामपंचायतीच्या बोअरची मोटार चालू-बंद करायचा. आम्ही पहिलीपासून एका बाकावर होतो.

माझ्या घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या छतावर, चार बांबूंना ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे अँटेना बांधलेले आहेत, तोंड दक्षिणेला. खाली टीव्ही बघायचा डोंगल आणि जुना लॅपटॉप. यावर मी एका मेलेल्या ताऱ्याचे रेडिओ ठोके शोधत होतो. तो सेकंदाला अकरा वेळा स्वतःभोवती फिरतो. एकटा ठोका दिसतच नाही, लाखो ठोके एकावर एक रचले तर स्क्रीनवरच्या रेषेत उंचवटा उठतो. दोन वर्षांत तो उठला नाही. तारा रोज दोन तास अँटेनासमोरून जातो. तेवढ्या वेळात गावात मोटार चालली की तिच्या खरखरीत सगळं बुडतं.

गावात एकच बोअर चालू आहे. २४ एप्रिलपासून पंढरीनं मला रोज संध्याकाळी पाच ते सात या वेळात तिच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीची किल्ली दिली. म्हणाला, "आमाला जितं पाणी सापडंना, अन् तू मेलेला तारा हुडकून राहिला. घे, तुजं तर सापडू दे."

शेजारच्या शिवम्मा आजीनं गावात सांगितलं की सिद्धूचं यंत्र जमिनीतलं पाणी ऐकतंय, आवाज केला की पाणी सरकतं. लोक चपला खाली काढून माळवदावर यायचे आणि गप बसायचे. आजीनं अँटेनाला नारळ बांधला. मी सोडला नाही. लोक गप होते, मोटार बंद होती.

२ मे रोजी नवीन जिल्ह्यासाठी रस्ता रोको होता. टँकर आला नाही. लोक किल्ली मागायला आले. मला अजून चार संध्याकाळी पाहिजे होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दक्षिणेला पाणी लागतंय. चार दिवस गप ऱ्हावा." दक्षिणेला गावातल्या आप्पासाहेबांची जुनी कोरडी विहीर आहे, पंचेचाळीस फूट. ते मला माहीत होतं.

लोक गेल्यावर पंढरी मागं थांबला. म्हणाला, "माज्यापाशी तर खरं बोल. लागलंय का?" मी "हाव" म्हणालो. त्यानं किल्ली माझ्यापाशी ठेवली आणि गेला.

३ मे रोजी तो पहार घेऊन त्या विहिरीत उतरला. वर त्याची बायको नागुबाई एकटीच होती. बाकी गाव फाट्यावर टँकरची वाट बघत होतं.

सहा वाजून चार मिनिटांनी नागुबाई माळवदावर आल्या. म्हणाल्या, "सिद्धूभाऊ, किल्ली द्या. हिरीत पाणी सोडायचंय. हे खाली बसल्यात, हाक मारली तर ओ देईनात." जुन्या विहिरीत कुबट हवा कोंडते, माणूस गुदमरतो, वरून पाणी मारलं की ती हलते. हे आमच्याकडं लेकरालाही माहीत आहे. मलाही माहीत आहे.

सहा अकराला तारा ऐन समोर येणार होता. मी हात वर केला. म्हणालो, "वहिनी, एवढं थांबा. जवळ आलंय."

त्या थांबल्या. तोंडाला पदर लावून माझ्या मागं उभ्या राहिल्या. आवाज केला नाही.

पंढरी गमत्या होता, लहानपणीही विहिरीत दडून ओ द्यायचा नाही, म्हणून मला तसंच वाटलं, असं मी सांगू शकतो. पण मला तसं वाटलं नव्हतं. मी स्क्रीन बघत होतो.

नागुबाईंना मी सात मिनिटं थांबवलं. सहा अकराला किल्ली दिली. मग त्यांच्या मागं पळालो. पाणी मारलं, दोर बांधून मी उतरलो. पंढरी भिंतीला टेकून बसलेला होता. त्याच्यापुढं वीतभर खड्डा होता. कोरडा.

हवालदार साहेबांनी सांगितलं की नागुबाईंच्या जबाबात माझं नाव नाही. किल्ली मागताच मिळाली असं त्यांनी लिहून दिलं आहे. साहेब म्हणाले, "बाईनं नाव घेतलं न्हाई, तर तू कशाला गळ्यात घेऊन राहिला? आई हाय ना घरी?" नागुबाई काल माझ्या आईला विचारून गेल्या की भाऊंला पाणी सापडलं का. म्हणून मी आलो आहे.

लॅपटॉप हजर करत आहे. त्यात वेळ आपोआप पडते. सहा चौदाला मोटारीची खरखर सुरू होते, ती दिसेल. त्याआधीचं मी रचून बघितलेलं नाही. उंचवटा उठला असला तरी मला सांगू नका. लॅपटॉप परत देऊ नका.

जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. पहिल्या वाचनात "थोडा वेळ थांबवलं" असं होतं. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "सात मिनिटं" केलं आणि तिथं माझी वेगळी सही घेतली. आता बरोबर आहे.