बत्तीस खाचा, एकतीस हत्यारं

नाही, तुम्हीच सांगा, आरशापायी कधी कुणाचं विमान अडलेलं ऐकलंय? आणि आरसा तरी कसला, तर लांब दांडीच्या टोकाला लावलेला दोन बोटांचा आरसा, पाइपाच्या मागची बाजू बघायचा, दाढीचा नव्हे! पण लोकांना कोण समजावणार? अख्ख्या कासाब्लांकात बोभाटा, म्हणे कुणा मेकॅनिकला स्वतःचं थोबाड बघायचं होतं म्हणून जेद्दाचं विमान तीन तास थांबलं! सहा वर्षं गप्प बसलोय मी. आज तुम्हाला सांगतो, पण आमच्या यम्माच्या कानावर जाता कामा नये.

तेव्हा मी शिकाऊ होतो, विमानतळाला लागून हँगर आहे ना, तिथे. शिकाऊ म्हणजे काय, नावाला विमान आणि हातात फडकं! तीन महिने नुसतं हे पूस, ते पूस, टॉर्च धर, अरे पाइपावर धर, माझ्या डोळ्यांत काय धरतोस! हे ओरडणारे आमचे उस्ताद, मआल्लम बूशअइब. पस्तीस वर्षं विमानाखाली वाकून काढलेली, त्यामुळे सरळ उभे राहिले तरी काहीतरी शोधतायत असंच वाटायचं. आणि घरी यम्मा, म्हणजे आमची आई, गल्लीभर सांगत सुटलेली, "आमचा झुहैर हो म्हणतो ना, तेव्हाच विमान उडतं बरं का!" लोक रस्त्यात अडवून विचारायचे, काय रे झुहैर, ढगात खड्डे असतात का? आता मला काय माहीत! मी फडकी धुतो!

तर तिथे एक नियम. हत्यारांची पेटी असते, तिच्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच. पक्कड पक्कडीच्या खाचेत, पाना पान्याच्या. बत्तीस खाचा. बत्तीस न्यायची, बत्तीस आणायची, आणि एक जरी कमी भरलं तरी विमान जागचं हलायचं नाही, कारण हरवलेलं विमानाच्याच पोटात पडलं असलं तर? आणि ज्याच्या हातून हरवलं त्याच्या नावावर शेरा. शिकाऊला दोन शेरे झाले की चला घरी! माझा एक आधीच झाला होता. कशाबद्दल? खिशात सूर्यफुलाच्या बिया घेऊन विमानाखाली गेलो. बिया हो! त्याही भाजलेल्या!

आणि त्या दिवशी दुपारी बाराचं जेद्दाचं विमान. त्यात कोण? यम्मा! अकरा वर्षं उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, जायचं जायचं म्हणत होती, एकदाचं नाव लागलं. पोचवायला दोन गाड्या भरून गल्ली आलेली, यम्माच्या अंगात पांढरी पायघोळ जेल्लाबा, डोळ्यांत पाणी, आणि जो भेटेल त्याला, "विमान माझ्या पोराने बघितलंय, बिनघोर बसा!" आणि पोरगं कुठे? विमानाच्या चाकाच्या कपारीत डोकं घालून उभं. एका पाइपाला ओल दिसली म्हणून मआल्लमनी मला आत घातलं, "आरसा लाव, मागून बघ, काय दिसतंय?" मी म्हटलं, "कोरडं आहे, मआल्लम." "नीट बघ." "कोरडंच आहे." "बरं, हात पूस, पेटी दे स्टोअरला, मी सह्या करून येतो." आयुष्यात पहिल्यांदा मी विमानाबद्दल काही बोललो आणि ते कुणी तरी ऐकलं! छाती अशी फुगली म्हणता... हँगरच्या टेबलावर पेटी ठेवली, झाकण उघडलं.

बत्तीस खाचा, एकतीस हत्यारं!

पुन्हा मोजली. एकतीस. उलटीकडून मोजली, जणू उलटीकडून एखादं जास्त भरणार होतं! खिसे उलटे केले, बूट काढले, बुटात आरसा कसा जाईल हे तेव्हा सुचलंच नाही. आरशाची खाच तेवढी माझ्याकडे आ वासून बघतेय. घड्याळात सव्वाअकरा. दारातून दिसतंय, बस आली, पांढरे कपडेवाले जिना चढतायत, त्यात एक बाई रेलिंगला धरून सगळ्यांना थांबवून हँगरकडे हात हलवतेय. कोण असणार? मीही हात हलवला. काय करू मग!

आणि आता खरी गंमत... गंमत कसली, घाम फुटतो अजून. माझ्या लॉकरमध्ये माझा स्वतःचा आरसा होता! दर्ब गलेफच्या बाजारातून आणलेला, डिट्टो तसाच, घरी फ्रिजच्या मागे बघून सराव करायचो. कंपनीच्या आरशावर नंबर कोरलेला, माझा कोरा, एवढाच फरक. पण नंबर वाचतो कोण? खाच भरली की झालं! मी गेलो लॉकरपाशी. आणला. बसवला. काय चपखल बसला सांगू! बत्तीस खाचा, बत्तीस हत्यारं! शेरा नाही, काही नाही, नोकरी शाबूत, यम्मा उमऱ्याला, सगळं कसं छान!

आणि झाकण लावायला गेलो, तर मनात आलं. तो दुसरा आरसा कुठे आहे? चाकाच्या कपारीत असला तर? विमान वर जाणार, चाक आत येणार, आणि तिथे आरसा अडकून... आणि वर खिडकीशी बसून ती बाई शेजारणीला सांगत असणार, बिनघोर बसा!

पळालो. मआल्लम सहीसाठी पेन उघडत होते. "मआल्लम, बत्तीस खाचा, एकतीस हत्यारं." "काय नाही?" "आरसा." "कपारीत नेला होतास तो?" "हो." मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण नाही हो, ओरडलेच नाहीत! पेनाला टोपण लावलं आणि फोन उचलला, "विमान थांबवा. माणसं उतरवा." बस्स. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग काय विचारता! पावणेदोनशे माणसं खाली. म्हातारे, चाकाच्या खुर्च्या, झमझमचं पवित्र पाणी आणायचे रिकामे कॅन, आणि सगळ्यांच्या पुढे आमची यम्मा, तिचा आवाज हँगरपर्यंत, "कोण तो मेला? कुठल्या गाढवाने हा धंदा केला? माझ्या पोराला बोलवा, तो दोन मिनिटांत नीट करेल!" आणि पोरगं तिच्यापासून वीस पावलांवर चाकाआड उकिडवं बसलेलं. अडीच तास शोधलं हो! टॉर्च माझ्या हातात, मआल्लम बोटांनी एकेक फट चाचपतायत. आणि मग थांबले. चाकाच्या दांड्याशेजारी एक बोटभर कड होती, त्या कडेवर आरसा. मीच ठेवला होता, हात पुसायला. "चाक आत आलं असतं ना, झुहैर..." एवढंच म्हणाले. यम्मा त्यात नसती तर मी सांगायला पळालो असतो का? नका विचारू. मी स्वतःला विचारून थकलोय.

मग खोटा आरसाही काढून समोर ठेवला. म्हटलं जातच आहोत तर पूर्ण जाऊ. मआल्लमनी तो उलटासुलटा केला, म्हणाले, "दाढी चांगली होईल याच्यात." आणि शेरा लिहिला, माझ्यासमोर, सावकाश. आरसा हरवला. स्वतः येऊन सांगितलं. मग वरच्या साहेबाच्या खोलीत गेले, तासाभराने आले, "उद्या सहाला ये. आणि बिया घरी ठेव." मी त्यांचा हात धरून रडलो हो. ते म्हणाले, "टॉर्च बंद कर आधी."

पण संपलं का? संपतंय कसलं! चौथ्या दिवशी मक्केहून यम्माचा फोन. "पोरा, काबा दिसला आणि मी दोनच गोष्टी मागितल्या बघ." म्हटलं, काय गं? "एक, माझा झुहैर म्हातारा होईस्तोवर विमानांच्या कामात राहू दे." मला भरून आलं. म्हटलं, आणि दुसरी? "दुसरी, तो आरसेवाला! त्याची नोकरी आजच्या आज जाऊ दे, आणि पुन्हा विमानाला हात लागायला नको मेल्याचा! रडून मागितलंय, ऐकलं जाणारच!"

"मागे घे ना गं ती..." म्हटलं. तर म्हणाली, "तुला का एवढा त्याचा पुळका?"

आता बघा! एकच आई, एकच जागा, एकच माणूस, आणि दोन दुआ! त्याला सहा वर्षं झाली. मला कामावरून काढतही नाहीत आणि बढतीही देत नाहीत. वर अजून ठरत नसणार.