खरखरीतला ओवा

आमच्या ह्यांचं काम नेमकं काय, ते मला आईच्या एका फोनमुळे कळलं बघा.

अमेरिकेत सनीव्हेलला नवीनच होतो. चिंगी दीड महिन्याची, संध्याकाळपासून रडायची थांबेना. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. घाबरून सांगलीला फोन लावला, तर लाइनीत नुसती खरखर. मी ओरडतेय, "आई, काय करू गं?" पलीकडून एकच शब्द आला, "ओवा!" आणि फोन कट.

तव्यावर ओवा गरम केला, रुमालात बांधला, आधी माझ्या गालाला लावून पाहिला, मग तिचं पोट शेकलं. चिंगी झोपली.

हे बघतच राहिले. "एका शब्दात एवढं सगळं कळलं?"

"लहानपणापासून बघतेय की."

"अगं, आम्ही ऑफिसात ह्यासाठीच धडपडतो. रेडिओच्या गोंगाटात लपवून ठरलेल्या खुणांचा लांबलचक कोड पाठवायचा. ज्या मशीनला तो आधीच पाठ असतो, ते त्या सगळ्या खुणा एकावर एक दाबून एकच ठळक ठोका काढतं. बाकीच्यांना नुसती खरखर."

महिन्याने आईचं पत्र आलं. "तुझा एकही शब्द ऐकू आला नाही गं. बाळाचं रडणं तेवढं आलं. ते पोटाचंच होतं, म्हणून मी ओवा, ओवा ओरडत राहिले."