उडत्या मोटारीचा नांगर

अरे, उडत्या मोटारीपायी आमच्या बाबांनी शिडाचा मचवा विकायला काढला होता! मुंबईहून मामा तिचं चित्र घेऊन आला. "भावोजी, बोटीनं दिवस जातो, हिनं दोन तासांत मुंबई! मचवा विका, पहिली आपण घेऊ."

गिऱ्हाईक आलं. सौदा पक्का करायला बाबांनी नारळ काढला. आईचं तोंड उतरलं.

तेवढ्यात बाबांनी मामाला विचारलं, "वर जरा थांबायचं झालं, तर नांगर कशात टाकायचा?"

"नांगर कसला? वर नुसतं थांबायलाही पेट्रोल जळतं. संपलं की खाली!"

"मेल्या, वारा पडला तरी माझा मचवा फुकट उभा राहतो! नाही विकायचा."

आईनं हुश्श केलं, आणि बाबांचं मन पुन्हा फिरायच्या आत तो नारळ फोडून कालवणात घातला.