साळूच्या उंबऱ्याला हात कुणी लावला?

...आन् वर तोंड करून म्हंत्यात काय, तर 'नव्या पिढीसाठी नव्यानं बनवलाय!' अरं, पिढी आली व्हती का तुझ्याकडं अर्ज घिऊन? तुम्हाला सांगतो, 'साळूचा उंबरा' म्हंजी काय साधा पिच्चर न्हवं. कवठे येमाईच्या जत्रंत पिच्चरचा तंबू लागलाय आन् 'साळूचा उंबरा' लागला न्हाई, असं कवा झालंच न्हाई! आन् त्या तंबूत मशीन कोण चालवायचं? आमच्या निमोण्याचे फकीरमामा! बावीस वर्सं! आता वय पंच्याहत्तर, गुडघ्याला पट्टा, पण कुठल्या रिळात साळू पदर खोचती आन् कुठल्या रिळात चूल फुंकती, समदं तोंडपाठ. अशा माणसाला त्याच पिच्चरचं नवं सोंग दाखवायला न्यायचं? चांगलं हाय ते ऱ्हाऊ द्या की!

पण न्हाई. मामांची नात मेहक, रांजणगावच्या कंपनीत क्वालिटीला हाय. तिनं मोबाईलवर तिकिटं काढली. आजाला म्हणली, "दादा, सरप्राईज!" झालं! गाडी माझी. मामा, रोशनबी मामी, मेहक आन् मी, निघालो दौंडला दुपारच्या शोला. वाटंत मामांचं एकच टुमणं, "सतीश, साळू कोण झालीया रं?" मी नाव सांगितलं. "ती शाम्पूच्या जाहिरातीतली? तिला चूल पेटवता येती का? धुरानं मेकप जाईल की तिचा!" मामी तशा बोलतच न्हाईत जास्त.

आता गोष्ट काय हाय मूळची, तर साळूचा नवरा फौजेत गेलाय. पत्र न्हाई, खबर न्हाई. पोस्टमन रोज दारावरनं सायकलीवर जातो, घंटी वाजवतो, थांबत न्हाई. बस्स, एवढंच! पण तंबूत हजार माणूस श्वास धरून बसायचं... आन् ह्यांनी काय केलं? सायकल काढली, बुलेट दिली! पोस्टमनला गॉगल! आन् मधीच गाणं... साळूच्या अंगणात बारा पोस्टमन नाचायला लागले! बारा! एका गावात! अहो, आमच्या निमोण्याला एक येतो तोबी रजेवर असतो!

मामा ताडकन उठले. "बंद करा! पोस्टमन एकच हाय!" थेटरातला टायवाला आला पळत, "अंकल, प्लीज, बाकीच्यांना डिस्टर्ब होतंय." "अंकल कुणाला म्हंतो रं? मी ह्यो पिच्चर चालवायचो तवा तुझ्या बापाचं लगीन न्हवतं झालं!" मागनं कुणीतरी वरडलं, "ओ आजोबा, खाली बसा!" मेहक खुर्चीत एवढीशी झाली. मी म्हंतो, चूक कुणाची? मामांची? चांगलं हाय ते ऱ्हाऊ द्या की!

मामा काय बसले न्हाईत. "मशीनवाल्यालाच भेटतो," म्हणले आन् निघाले. मी मागं मागं. जिना चढून वर गेलो, दार ढकललं... आत कुणीच न्हाई! तुम्हाला सांगतो, माणूसच न्हाई! एक पेटी, एक हिरवा दिवा आन् घों घों आवाज. मामा बघतच ऱ्हायले. "सतीश, दिव्याचा कार्बन कोण बदलतं? रीळ कोण लावतं?" म्हणलं, "मामा, आता समदं आपोआप." मामांनी त्या पेटीवर हात ठिवला. म्हणले, "मग शिव्या कुणाला द्यायच्या रं?"

मामा तिथनं हलंनात; खाली आलो तवा पिच्चर संपून दिवे लागल्याले. आन् रोशनबी मामी... रडत्यात! ढसाढसा! मेहक पाठीवरनं हात फिरवती. मामा घाबरले, "काय झालं गं?"

मामी म्हणल्या, "साळूनं पत्र घेतलंच न्हाई व्हय? पोस्टमन थांबला आन् तिनं दारच लावलं?"

"आगं, तुला ठाव न्हाई? पाचशे येळा दाखवला आपण!"

"तुम्ही दाखवला. मी कवा बघितला?" मामी डोळं पुसत म्हणल्या. "शेवटचं रीळ लागलं की फुकटी माणसं कडंची कनात उचलून आत घुसायची. मी काठी घिऊन तंबूच्या मागं उभी. घंटी ऐकू यायची, मग एकदम शांत, आन् समद्या बाया रडत बाहेर यायच्या. का रडत्यात, मी कुणाला इचारायचं? आन् तुम्ही कवा सांगितलं?"

बावीस वर्सं, दोघांत एक कनात!

येताना केडगावच्या पुढं मामांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडंला उभं ऱ्हाऊन म्हातारा साळू झाला! "ह्यो उंबरा. हितं ती. सायकल थांबली... घंटी न्हाई, गाणं न्हाई, काईबी न्हाई. तिनं पत्राकडं बघितलंबी न्हाई. पोस्टमनच्या तोंडाकडं बघितलं. आन् असं... हळूच... दार लावलं." मेहकनं मोबाईल काढला व्हता, तो तसाच हातात. ट्रकवाले हॉर्न मारत्यात.

मामी म्हणल्या, "व्हय. ह्ये लई चांगलं हाय."

मामा खूश! "बघ! म्हणूनच म्हंतो, चांगलं हाय ते ऱ्हाऊ द्या की!"

"ऱ्हायलं कुठं?" मामी म्हणल्या. "तुमची रीळं गोदामात सडली. मला बघायला मिळाला त्यो हाच."

म्हंजी मला अजूनबी मान्य न्हाई हां! बारा पोस्टमनला माफी न्हाई! कायद्यानं बंदी पायजे! पण काल सकाळी मामा दारात हजर, नवा सदरा, डोक्याला तेल. "सतीश, रविवारी गाडी रिकामी हाय का? मामीला परत बघायचाय."

म्हणलं, "आन् तुम्ही?"

तर खाली बघत म्हणले, "मी बी येणार हाय. पर तिनं माझं तिकीट लांबच्या रांगंत काढायला सांगितलंय."