सातव्या प्रकरणातील फेरफाराबाबत

मी, छापखान्यात सर्वजण मला ताई म्हणतात, वय ४९ वर्षे, धंदा खिळे जुळवणे, राहणार छापखान्याच्या माडीवरील मागची खोली, आज ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून समक्ष सांगते की,

वरील ठिकाणी मी एकटी राहते. गेली बावीस वर्षे मी याच छापखान्यात आहे. हस्तलिखित समोर ठेवून शिशाचा एकेक खिळा उचलायचा, ओळ भरायची, ओळींचे पान बांधायचे, हे माझे काम. मालकांनी माझ्याविरुद्ध दिलेली फिर्याद मला वाचून दाखवली. ती खरी आहे. त्यात जे राहिले आहे ते सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीला घरी बाळी म्हणत. लढाई सुरू झाल्यावर तिचे यजमान, म्हणजे माझे मेहुणे, आघाडीवर गेले. बाळी दारूगोळ्याच्या कारखान्यात लागली. तोफगोळ्यांत पूड भरायचे काम होते. त्या पुडीने दोन महिन्यांत तिचे हात, मान आणि पुढची बट पिवळी पडली. एक वर्ष पाच महिने तिने ते काम केले. मग यकृत गेले. वारली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मेहुण्यांना रजा मिळाली नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

परत आल्यावर चार वर्षांनी मेहुण्यांनी लढाईवर कादंबरी लिहिली. ती आमच्याकडे छपाईला आली. मेहुण्यांचे अक्षर मला लागते म्हणून मालकांनी माझ्याकडेच दिली. लढाई संपल्यापासून अशा सात कादंबऱ्या मी जुळवल्या आहेत. सगळ्या नव्या वळणाच्या. वाक्य मधेच तुटते, स्वल्पविराम नसतो, काल आणि आज एकाच ओळीत येतात. बाई मात्र जुनीच. एक तर पांढरी टोपी घालून जखमी सैनिकाच्या कपाळावर हात ठेवते, नाहीतर नवऱ्याच्या मागे ओठ रंगवून दुसऱ्याबरोबर नाचते. कामावर जाणारी, डबा घरी विसरणारी, पाय दुखतात म्हणून चिडणारी बाई मला सातांतल्या एकीतही भेटली नाही.

मेहुण्यांच्या सातव्या प्रकरणात नायकाची बायको आहे. तिला नाव नाही, नुसते 'पिवळ्या हातांची' म्हटले आहे. तो रंग तिच्या पापाचा आहे. नायक खंदकात असताना ती एका अधिकाऱ्याला घरात ठेवते. नायक परत येतो तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली असते आणि ते पाहून त्याला बरे वाटते.

त्या पानांना बाळीची सहा पत्रे टाचणीने लावलेली होती. ती तिने मेहुण्यांना आघाडीवर लिहिलेली. काही वाक्यांखाली लाल पेन्सिल, आणि समासात जुळाऱ्यासाठी सूचना: 'एवढेच घ्यावे.' बाकीचे खोडलेले. तिसऱ्या पत्रातले 'खुंटीवर एका अधिकाऱ्याचा कोट टांगलाय' हे वाक्य घेतले होते. त्याच्या पुढचे खोडले होते.

पहिले प्रूफ घ्यायला मेहुणे आले तेव्हा मी विचारले, "ही बाळी आहे का?"

ते म्हणाले, "ताई, ही कुणी एक बाई नाही. लढाईनं माणसाचं काय केलं, त्याचं ते प्रतीक आहे."

मी म्हणाले, "कोटाच्या पुढचं वाक्य का खोडलंत?"

"त्यानं प्रसंग ढिला पडतो. तुम्ही अक्षरं जुळवा, अर्थ जुळवत बसू नका."

मी बरे म्हणाले. त्यांचे प्रकरण एक अक्षर न चुकवता जुळवले. शेवटच्या प्रुफावर त्यांनी सही केली. निमंत्रणपत्रिकाही मीच जुळवली होती, त्यामुळे प्रकाशनाच्या दिवशी ते सातवे प्रकरण वाचणार हे मला ठाऊक होते.

नंतरच्या रविवारी सकाळी आठ वाजता मी माझ्याजवळच्या किल्लीने छापखाना उघडला. सातव्या प्रकरणाची बारा पाने सोडली व खिळे खणांत परत टाकले. त्या जागी बाळीची सहाही पत्रे पूर्ण जुळवली. तिसरे सर्वांत आधी घेतले, कारण ते पत्र आणि मेहुण्यांचे प्रकरण, दोन्ही त्या कोटाच्या वाक्यानेच सुरू होत होती. तिचे शुद्धलेखन होते तसेच ठेवले. मेहुण्यांची मूळ पाने सरस तापवायच्या शेगडीत घातली. दुसरी प्रत नाही हे त्यांनीच मालकांना सांगितलेले मी ऐकले होते. यंत्रावरचा माणूस व बांधणीवाला यांना यातले काही माहीत नव्हते. त्यांना त्रास होऊ नये.

पुस्तक छापून, बांधून झाल्यावर प्रकाशन सभागृहात सायंकाळी पाच वाजता झाले. मी तिसऱ्या रांगेत होते. मेहुण्यांना नवी प्रत दिली गेली. त्यांचा आवाज चांगला आहे. त्यांनी वाचले, "खुंटीवर एका अधिकाऱ्याचा कोट टांगलाय." मग पुढचे वाचले, "जुन्या बाजारातून आणला. उसवून तुमच्यासाठी बंडी करतेय. तिकडे थंडी फार, असं ताईनं जुळवलेल्या बातमीत होतं. माप अंदाजानं धरलंय." तिथे ते पाने उलटून पाहू लागले. मागून एक बाई म्हणाली, "वाचा की पुढं."

ते वाचेनात, म्हणून मी उभी राहिले व पुढचे म्हटले. मला पाठ होते. "तुम्ही वाळला असाल. माझे हात पिवळे झालेत, अस्तराला डाग पडतो, म्हणून ते हातमोजे घालून शिवते. वेळ लागेल, रागावू नका." मेहुणे ती बंडी घालूनच लढाईवरून परत आले होते, हेही मी सांगितले. हे पत्रात नाही, ते माझे आहे. मला कोणी थांबवले नाही. मेहुणे मागच्या दाराने गेले.

दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात आले. म्हणाले, "ताई, मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत." मी म्हणाले, "तिलाही तुम्ही ठेवली नव्हतीत." ते म्हणाले, "मी ते प्रकरण पुन्हा लिहीन." मी म्हणाले, "लिहा. मीही सगळीकडे जाऊन पत्रं म्हणून दाखवीन." यास फिर्यादीत धमकी म्हटले आहे. ती धमकीच होती.

पश्चात्ताप होतो का, असे मला विचारण्यात आले. नाही. त्यांना त्या स्टेजवर पाहून मला बाळी गेल्यापासून प्रथमच पोटभर जेवण गेले.

सभागृहातून तीनशे प्रती लोकांनी नेल्या. मालकांनी वर्तमानपत्रात देऊन त्या परत मागवल्या. एकोणीस आल्या. त्यांतल्या एकीत, सातव्या प्रकरणाच्या समासात, कोणी तरी पेन्सिलने लिहिले आहे: 'मी कारखान्यात हिच्या शेजारी बसत होते. ही गाणी म्हणायची.' बाळी गाणी म्हणते हे मला माहीत नव्हते. ती प्रत आपल्याकडे जमा आहे. काम संपल्यावर ती मला मिळावी, एवढी विनंती आहे.

हा माझा जबाब मला सावकाश वाचून दाखवला व मीही तो डोळ्यांखालून घातला. दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकले होते, ते मी दुरुस्त करून घेतले. मजकूर मी सांगितला तसाच आहे व त्यातले एकही वाक्य खोडलेले नाही.