खलियाची तर्री

हसू नका, हे मी अजून बायकोलाबी सांगितलं नाय. शरीरात औषध पोचवणाऱ्या चरबीच्या बारीक कणांवर माझं काम. कण काचेला चिकटले की यंत्राला प्रकाशावरून कळतं आणि पडद्यावरचा आलेख चढतो. त्या दुपारी नुसतं पाणी सोडलं तरी चढला.

मी लॅबमधल्या रफिकचाचांवर खेकसलो, “काचा धुतल्या का नुसत्या भिजवल्या?”

चाचांनी मुकाट्यानं तीनदा धुतल्या. दर वेळी काच मी बसवायचो, आलेख चढायचाच.

शेवटी आमच्या गाईड मॅडमनी काच उजेडात धरली. तिच्यावर माझा तेलकट अंगठा उमटलेला.

“ग्लोव्हज कुठंयत? जेवलास काय?”

“नान-खलिया, मटणाचा. चाचांनीच घरून आणला होता.”

मी अंगठा ॲप्रनला पुसला. चाचाच हळू म्हणाले, “माफ करा सर, तर्री लई झाली होती.”